आखातात नोकरीला निघताय? गडब सोडण्याआधी एवढं बघा

गडब, वडखळ परिसरातून दुबई, सौदी, कतारला कामाला जायचं ठरवलं असेल तर बॅग भरण्याआधी कागद तपासा.

एजंट : त्याचं नाव केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर हवं. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. पावती घ्याच. 'आधी व्हिजिट व्हिसावर चला, तिकडे बदलून देतो' असं कोणी म्हणालं तर पैसे देऊ नका. त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही.

पासपोर्ट : दहावी न झालेल्यांचा पासपोर्ट सहसा 'ईसीआर' असतो. आखातात कामाला जाताना त्यांना सरकारी मंजुरी लागते. त्यासोबत प्रवासी भारतीय बीमा योजनेत १० लाखांचा अपघाती विमा मिळतो.

करार : पगार, कामाचे तास, राहण्याची सोय लेखी घ्या. करार, व्हिसा, पासपोर्टच्या झेरॉक्स घरी ठेवा. तिकडे अडचण आली तर भारतीय दूतावास किंवा 'मदद' पोर्टलवर तक्रार करता येते.

घर : कर्ज किती, महिन्याला किती पाठवणार, आईबाबांचं दवापाणी आणि भातशेती कोण बघणार, हे सगळ्यांनी बसून ठरवा. गणपतीला सुट्टी मिळेलच असं नाही, हे पोरांनाही आधीच सांगा. तिकडे त्रास झाला तर लपवायचा नाही, घरी फोन करायचा, एवढा शब्द देऊनच निघा.