शेतकऱ्यांच्या कंपनीत परदेशी पैसा येतो कसा? मालकी कुणाची राहते? जाणून घ्या

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात मोहाडी इथं ‘सह्याद्री फार्म्स’ आहे. २०२२ मध्ये युरोपातल्या चार गुंतवणूकदारांनी इथं सुमारे ३१० कोटी रुपये गुंतवले. हे अनुदान नव्हतं. हप्त्यानं फेडायचं कर्जही नव्हतं. पैशाच्या बदल्यात त्यांनी शेअर घेतले.

पैसा कुणाचा?
चौघांपैकी एफएमओ नेदरलँड्सची आणि प्रोपार्को फ्रान्सची. या दोन्हींच्या मागे तिथलं सरकार आहे. अशांना विकास वित्त संस्था म्हणतात. विकसनशील देशांतल्या खासगी धंद्यात पैसा घालायचा, त्यातून रोजगार आणि उत्पन्न वाढवायचं आणि आपला पैसाही नफ्यासह परत मिळवायचा, हे त्यांचं काम. जागतिक बँक गटातली आयएफसी १९५६ पासून हेच करते. इन्कोफिन आणि कोरीस या उरलेल्या दोन बेल्जियमच्या खासगी संस्था.

पैसा कशासाठी?
फळं-भाजीपाल्यावरची प्रक्रिया वाढवणं, पॅकहाउस उभारणं आणि प्रक्रियेतून उरलेल्या कचऱ्यापासून वीज तयार करणं, अशी कामं ठरली. असा खर्च सभासदांच्या वर्गणीतून निघत नाही. कर्ज काढलं, तर माल पडला तरी व्याज चुकत नाही.

कायद्याची अट काय?
शेतकरी उत्पादक कंपनीचे (एफपीसी) शेअर फक्त उत्पादक किंवा त्यांच्या संस्थाच घेऊ शकतात. २००२ च्या कायदादुरुस्तीनं ही पद्धत आली. सभासद शेतकरीच असतील, तर शेअर कितीही असोत, एकाला एकच मत. म्हणून बाहेरचा पैसा थेट एफपीसीत येत नाही. त्यासाठी वेगळी कंपनी काढावी लागते. ‘सह्याद्री’नंही प्रक्रियेच्या वेगळ्या कंपनीतच हा पैसा घेतला.

सभासदांनी काय बघावं?
खरी मेख इथंच आहे. त्या दुसऱ्या कंपनीत मतं माणसागणिक नसतात, शेअरच्या हिशेबानं असतात. आपल्या गावच्या एफपीसीत असा प्रस्ताव आला, तर सही करण्याआधी वार्षिक सभेत हे विचारा :
• नव्या कंपनीत एफपीसीचा हिस्सा ५० टक्क्यांच्या वर राहणार का?
• संचालक मंडळात शेतकऱ्यांचे किती जण असतील?
• मालाचा भाव कोण ठरवणार?
• गुंतवणूकदार बाहेर पडताना शेअर कुणाला विकणार? आधी एफपीसीला विचारणार का?

उत्तरं तोंडी घेऊ नका, सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या.