सॅमन कुणाचा?

सॅमन मासा जन्मतो नदीत, वाढतो समुद्रात आणि अंडी घालायला पुन्हा आपल्याच नदीत येतो. कॅनडाच्या फ्रेझर नदीचा सॅमन परतताना अमेरिकेच्या पाण्यातूनही जातो. मग तो कुणाचा?

१९१३ साली रेल्वेमार्ग खोदताना हेल्स गेटच्या अरुंद घळीत दगड लोटले गेले. वाट अडली, असंख्य मासे अंडी न घालताच मेले. तरी शेजाऱ्यांना शहाणपण सुचायला वेळ लागलाच! १९३० चा करार अमलात यायला १९३७ उजाडले. मग संयुक्त आयोग बसला, पकड निम्मी-निम्मी ठरली, आणि १९४५-४६ मध्ये घळीत माशांना चढायला काँक्रीटच्या वाटा बांधल्या.

१९८५ च्या तहात तत्त्व आले: जितके मासे ज्याच्या नद्यांत उपजतात, तितका त्याचा लाभ. पण मोजायचे कसे? १९९७ मध्ये प्रिन्स रूपर्ट बंदरात कॅनडाच्या कोळ्यांनी अलास्काची प्रवासी बोट होड्यांनी घेरली. १९९९ साली वाटणी पुन्हा ठरवावी लागली.