रामटेक ते रामटेकरी

प्राचीन ग्रीकांनी काळ्या समुद्राच्या काठी, दक्षिण इटलीत आणि इतरत्र नवी नगरे वसविली. त्यांतील अनेकांना हेराक्लीस या पुराणवीरावरून ‘हेराक्लिया’ हेच नाव मिळाले. दूरदेशी गेलेला माणूस आपले दैवत सोबत नेतो.

छत्तीसगडातही तेच घडले. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या सेनेने रतनपूरवर स्वारी केली. १७५८ पासून रघूजींचे पुत्र बिंबाजी तेथून राज्य पाहू लागले. त्यांनी टेकडीवर राममंदिर उभारले. ‘रामटेकरी’ हे तिचे नाव ऐकताच नागपूरजवळचे रामटेक आठवते.

१८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले, तरी टेकडीचे नाव टिकले. मंदिर बांधणाऱ्यांची भाषा मात्र रायपुरात घराघरांतून आणि वर्गावर्गांतून बोलली जाईल, तोवरच टिकेल.