समितीचीं पत्रकें आणि दोन निवडणुका

ताम्रपट व सनदा जिवापाड जपणाऱ्या आमच्या संग्राहकांस संयुक्त महाराष्ट्र समितीचीं प्रचारपत्रकें रद्दी वाटतात. निकालाचे आंकडे छापलेले असतां पत्रकें कशास, असें ते म्हणतात. आंकडे असे: १९५७ सालीं, द्वैभाषिक मुंबई राज्यांत, पुण्यांतून ना. ग. गोरे, साताऱ्यांतून नाना पाटील, मुंबईंतून श्री. अ. डांगे व राजापुरांतून नाथ पै समितीच्या बळावर लोकसभेंत गेले. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें. आणि १९६२ सालीं त्याच्या ४४ जागांपैकीं ४१ काँग्रेसनें जिंकल्या! वरील चौघांपैकीं नाथ पै तेवढे पुन्हां निवडून आले. पुण्यांत गोऱ्यांस पाडणारे काँग्रेसचे शंकरराव मोरे तर शेतकरी कामगार पक्षाच्या संस्थापकांपैकीं एक.

एवढ्यावरून लोकमत चंचल ठरविणें अन्यायाचें होय. समिती ही एका मागणीसाठीं बांधलेली मोट; मागणी फळास आली, तेव्हां प्रजासमाजवादी व कम्युनिस्ट यांस एकत्र ठेवणारा दोर उरला नाहीं. विदर्भांत तर १९५७ सालींही काँग्रेसचाच वरचष्मा होता. गांवोगांवीं मत कोणत्या शब्दांनीं मागितलें गेलें, हें मात्र त्या पत्रकांतच सांपडेल. तीं मोडींत नाहींत, एवढाच त्यांचा दोष.