ऑनलाईन स्वस्त चष्मा : नंबराइतकेच बाहुल्यांमधील अंतरही महत्त्वाचे

नंबरचा चष्मा घरबसल्या मागवण्याची पद्धत आता देशात रुळली आहे. अमेरिकेत झेनी ऑप्टिकल या कंपनीने 2003 मध्ये अशी विक्री सुरू केली. भारतात लेन्सकार्टचे संकेतस्थळ 2010 मध्ये सुरू झाले. दृष्टिदोष सुधारणाऱ्या चष्म्यांवरील वस्तू व सेवा कर 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आल्याने किमतीचे आकर्षण वाढले आहे. मात्र मागणी नोंदवताना एका रकान्यापाशी अनेक ग्राहक अडखळतात. तो रकाना असतो ‘पीडी’चा, म्हणजेच दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांच्या मध्यबिंदूंमधील अंतराचा.

स्वस्ताईला व्यावहारिक कारण आहे. केवळ दूरच्या किंवा केवळ जवळच्या नंबरच्या काचा पाव-पाव नंबरच्या टप्प्याने आधीच तयार असतात. त्या फ्रेमच्या आकारात कापून बसवणे एवढेच काम उरते. मोक्याच्या जागेवरील दुकानाचे भाडे आणि मधल्या व्यापाऱ्यांचा नफा वाचतो. त्यामुळे कमी किंमत म्हणजे निकृष्ट काच, असे समजण्याचे कारण नाही.

उणीव राहते ती मापात. काचेचा प्रकाशीय मध्य बाहुलीसमोर यावा लागतो. प्रौढांमध्ये दोन बाहुल्यांमधील अंतर साधारणपणे 54 ते 74 मिलिमीटरच्या दरम्यान असते. दुकानात चष्मेवाला ते मोजून घेतो, पण डोळे तपासल्यानंतर मिळणाऱ्या कागदावर ते बहुधा लिहिलेले नसते. अमेरिकेत तपासणीनंतर चष्म्याचा नंबर रुग्णाच्या हाती देणे केंद्रीय नियमाने बंधनकारक आहे. तेथेही पीडी लिहून देण्याची सक्ती त्या नियमात नाही.

चुकीचा परिणाम नंबरावर अवलंबून असतो. उणे 5 नंबरच्या व्यक्तीचे अंतर 66 असताना 62 नोंदवले गेले, तर प्रत्येक काचेचा मध्य 2 मिलिमीटर सरकतो. नेत्रविज्ञानातील प्रेंटिसच्या सूत्रानुसार, सेंटिमीटरमधील हे सरकणे आणि नंबर यांचा गुणाकार केल्यास प्रत्येक डोळ्यापुढे 1, म्हणजे एकूण 2 प्रिझमचा परिणाम होतो. दोन्ही डोळ्यांच्या स्नायूंना तो दिवसभर सावरावा लागतो. डोकेदुखी, डोळ्यांवर ताण अशा तक्रारी त्यातून उद्भवू शकतात. हीच चूक उणे 1 नंबरच्या व्यक्तीला जाणवणारही नाही. शेजाऱ्याला स्वस्त चष्मा लाभला आणि आपल्याला का लाभला नाही, याचे उत्तर पुष्कळदा या गुणाकारात सापडते.

हे माप तपासणीच्या वेळीच मागून घेणे उत्तम. घरी मोजायचे झाल्यास दूरवर पाहणाऱ्या व्यक्तीच्या भुवयांवर मिलिमीटरची पट्टी धरून दुसऱ्याने मोजावे आणि दोन-तीनदा पडताळावे. जवळच्या कामाच्या चष्म्यासाठी हे अंतर काही मिलिमीटरने कमी धरतात.

कागदावरील आकडे उतरवतानाही सावधगिरी हवी. अधिक आणि उणे चिन्हांची अदलाबदल झाल्यास चष्मा निरुपयोगी ठरतो. ‘सिलिंडर’ लिहिला असेल तर 1 ते 180 अंशांमधील ‘ॲक्सिस’ नोंदवलाच पाहिजे. फ्रेमसाठी सोपा मार्ग म्हणजे अंगवळणी पडलेल्या जुन्या चष्म्याच्या काडीची आतली बाजू पाहणे. तेथे बहुधा 52-18-140 असे आकडे असतात : काचेची रुंदी, नाकावरील अंतर आणि काडीची लांबी, सर्व मिलिमीटरमध्ये.

चाळिशीनंतर लागणाऱ्या प्रोग्रेसिव्ह काचांची गोष्ट वेगळी. त्यांत दूरचा, मधला व जवळचा नंबर एकाच काचेत उतरत जातो. म्हणून बाहुलीची उंची प्रत्यक्ष निवडलेल्या फ्रेमवरच मोजावी लागते. ती न मोजता स्वस्तात घेतलेली प्रोग्रेसिव्ह काच बऱ्याचदा पेटीतच पडून राहते. लहान मुलांसाठी सहजी न फुटणारी पॉलिकार्बोनेट काच निवडावी आणि फ्रेम चेहऱ्यावर बसवून घ्यावी.

जुन्याच नंबरावर वर्षानुवर्षे चष्मे मागवत राहण्यात मोठा धोका आहे. काचबिंदू आणि मधुमेहामुळे दृष्टिपटलाला होणारी इजा सुरुवातीला सहसा जाणवत नाही. ती उघड होते डोळ्यांचा दाब व पडदा तपासल्यावरच. संगणकाच्या पडद्यावर अक्षरे वाचून केलेल्या नंबरच्या चाचणीत यातील काहीच कळत नाही. पूर्वी चष्मा बदलण्याच्या निमित्ताने ही तपासणी होण्याची शक्यता असे.

चष्मा हाती आल्यावर जवळच्या चष्मेवाल्याकडे लेन्सोमीटरवर नंबर आणि काचांचे मध्य तपासून घ्यावेत. या कामाला काही मिनिटेच लागतात. तफावत आढळल्यास विक्रेत्याकडे लेखी तक्रार करावी. 2020 च्या ई-वाणिज्य ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत देणे आणि महिनाभरात तिचे निवारण करणे तक्रार अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.