लूट शिपायाची की सरकारची?

कुपवाडला खेटून असलेली मिरज बहमनींकडून आदिलशहाकडे, पुढे मोगलांकडे आणि १७३९ साली शाहू महाराजांकडे आली. सत्तापालट झाला की एक प्रश्न उभा राहायचाच: लढाईत हाती लागलेला ऐवज कोणाचा? त्याचा माग काढत आपण सन ६२४ मध्ये, अरबस्तानातल्या बद्रच्या लढाईपाशी पोचतो. तिथे लुटीवरून जिंकणाऱ्यांतच तंटा झाला. कुराणाच्या ‘अन्फाल’ या आठव्या सुरेने वाटणी ठरवून दिली: पाचवा हिस्सा, म्हणजे खुम्स, अल्ला, पैगंबर, त्यांचे आप्त, अनाथ, गरीब आणि वाटसरू यांच्या नावे, बाकीचे चार लढणाऱ्यांचे. घोडेस्वाराला शाफिई पंथ तीन वाटे देतो: एक स्वाराचा, दोन घोड्याचे. माणसापेक्षा जनावराला जास्त देणे हनफी पंथाच्या अबू हनीफांना पटले नाही, त्यांनी दोनच ठरवले. खलिफा उमर यांनी तर इराकची जमीन वाटलीच नाही. कसणाऱ्यांकडेच ठेवून तिच्यावर खराज, म्हणजे जमीनमहसूल, लावला. या साऱ्या इतिहासात मला हा निर्णय सर्वांत दूरदर्शी वाटतो, कारण पुढच्या पिढ्यांचा हक्क त्याने राखला.

हा कायदा महाराष्ट्राच्या वाट्याला आला तो देवगिरीच्या रूपाने. १२९६ साली अलाउद्दीन खलजीने रामदेवरायाची अपार संपत्ती नेली. पुढे सुलतान झाल्यावर त्याने काझी मुघीसला विचारले, ते धन माझे की बैतुलमालचे, म्हणजे सरकारी खजिन्याचे? काझीने उत्तर दिले, फौजेच्या बळावर मिळाले, म्हणून बैतुलमालचे. सुलतान संतापला. इतिहासकार बरनी लिहितो, की काझी घरच्यांचा निरोप घेऊनच दुसऱ्या दिवशी दरबारात आला, पण तिथे त्याला खिलत, म्हणजे मानाचा पोशाख, आणि हजार टंके मिळाले. सुलतानाचा शिरस्ता मात्र बदलला नाही: चार हिस्से सरकारात, एक शिपायांना. फिरोजशहा तुघलकाने तो पुन्हा शरियतप्रमाणे उलटा केला.

१६६० च्या आरंभी मिरजेला वेढा घालणाऱ्या शिवाजी महाराजांनी हिस्सेवाटणीच मोडीत काढली. बखरकार सभासद सांगतो, की आठ महिन्यांच्या मुलूखगिरीला निघताना शिपायाच्या चीजवस्तूंची यादी होई, परतल्यावर झडती. जास्तीचा ऐवज सरकारजमा, नाहीतर पगारातून वजा. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी पेशव्यांच्या पदरच्या नारो गोविंद औटी यांच्याकडून घेतलेल्या ऐवजाचा दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. १८३० चा निकाल असा, की युद्धातल्या जप्तीत मुलकी न्यायालयाने पडायचे नाही. १९०७ च्या हेग कराराने लुटालुटीला मनाई केली, १९४९ च्या जिनिव्हा कराराने ती पुन्हा बजावली, आणि १९६० साली भारताने जिनिव्हा करारांसाठी स्वतःचा कायदा केला.