मंडळी आणि वास्तू

इसवी सन १८४३ मधील मे महिन्याची १८ तारीख. एडिंबरो शहरात जॉर्ज स्ट्रीटवर असलेल्या सेंट अँड्र्यूज चर्चमध्ये स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चसंस्थेची वार्षिक महासभा भरली होती. राणीचे प्रतिनिधी स्थानापन्न झाले होते आणि सज्जे प्रेक्षकांनी भरून गेले होते. मावळते अध्यक्ष डॉ. डेव्हिड वेल्श उठले. त्यांनी प्रार्थना केली, एक निषेधपत्र वाचून दाखविले, ते मेजावर ठेवले, राणीच्या प्रतिनिधींना लवून अभिवादन केले आणि ते दाराकडे चालू लागले. त्यांच्यामागून डॉ. टॉमस चामर्स निघाले आणि त्यांच्यामागून रांगच्या रांग. उतारावरून चालत ही मिरवणूक कॅननमिल्स येथील टॅनफील्ड सभागृहात गेली, आणि तेथे ‘फ्री चर्च’ या नव्या चर्चसंस्थेचा जन्म झाला. पुढच्या काही दिवसांत सुमारे १,२०० पाळकांपैकी ४७० हून अधिक पाळकांनी आपले वेतन, राहते घर आणि उपासनेचे मंदिर यांवर पाणी सोडले.

आज या घटनेची आठवण करण्याचे कारण वेगळे आहे. ज्या राष्ट्रीय चर्चसंस्थेतून ही मंडळी बाहेर पडली, तिच्यासमोर आज पुन्हा मंदिरे सोडण्याचा प्रश्न उभा आहे. या वेळी मात्र तो सोडवावा लागत आहे सत्तरी-ऐंशीच्या घरातील माणसांना. या दोन प्रसंगांत पावणेदोनशेहून अधिक वर्षांचे अंतर असले, तरी त्यांना जोडणारा धागा अतूट आहे. किंबहुना दुसऱ्या प्रसंगाची बीजे पहिल्यातच पेरली गेली होती.

१८४३ चा वाद कशासाठी होता? गावचा पाळक कोणी नेमावयाचा, हा तो साधा प्रश्न. १७१२ च्या कायद्याने हा अधिकार बहुतेक ठिकाणी तेथील जमीनदाराकडे किंवा सरकारकडे दिला होता. १८३४ मध्ये ऑक्टरार्डर या गावी जमीनदाराने असाच एक पाळक सुचविला. त्याच्या निमंत्रणपत्रावर गावातील दोघांनीच सह्या केल्या, तर ३३० कुटुंबप्रमुखांपैकी २८७ जणांनी त्याला उघड विरोध केला. प्रकरण न्यायालयात गेले, तेथून लंडनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोचले, आणि निकाल जमीनदाराच्या बाजूने लागला. मंडळीचा आत्मा कायद्याच्या आणि मालकीहक्काच्या दावणीला बांधला जात आहे, अशी अनेकांची खात्री पटली. ती दावण तोडावयाची, तर मालकीच्या सर्व वस्तू सोडणे ओघानेच आले.

आपल्या मराठी ख्रिस्ती बांधवांच्या भाषेत एक फार अर्थपूर्ण भेद आहे. इंग्रजीत ‘चर्च’ हा एकच शब्द इमारतीलाही लागतो आणि माणसांनाही. मराठी पवित्र शास्त्रात मात्र माणसांसाठी ‘मंडळी’ हा शब्द योजिलेला आहे. १८४३ च्या त्या दुपारी काय घडले, ते या शब्दाच्या आधारे चटकन सांगता येते. वास्तू मागे राहिली आणि मंडळी चालू लागली.

मंडळी चालू लागली खरी, परंतु तिला बसावयास जागा नव्हती. कित्येक जमीनदारांनी नव्या मंदिरांसाठी इंचभरही भूमी देण्याचे नाकारले. लोकांनी उघड्या माळावर, तर कोठे हमरस्त्यावर उपासना केली. पश्चिम किनाऱ्यावर स्ट्राँशियन येथे तर लोकांनी एक लोखंडी तरंगते मंदिरच बांधवून घेतले. १८४६ मध्ये ते सूनार्ट नावाच्या खाडीत नांगरण्यात आले आणि शेकडो माणसे होड्यांतून त्याच्याकडे जाऊ लागली. जमीन जमीनदाराची होती, पाणी मात्र त्याचे नव्हते!

चामर्स हे केवळ वक्ते नव्हते, हिशेबाचीही त्यांना उत्तम जाण होती. फुटीपूर्वीच त्यांनी एका निर्वाहनिधीची योजना आखून ठेवली होती. गरिबातल्या गरीब कुटुंबानेही आठवड्याला एक पेनी द्यावी, सर्व पेन्या एकत्र कराव्यात आणि त्यातून प्रत्येक पाळकाला समान वाटा मिळावा. अशा रीतीने शहरातील श्रीमंत मंडळीने डोंगराळ भागातील दरिद्री मंडळीचा भार उचलावयाचा. या पेन्यांच्या जोरावर आणि मोठ्या देणग्यांच्या साहाय्याने फ्री चर्चने चार-पाच वर्षांत सुमारे सातशे मंदिरे उभी केली.

या फुटीचे पडसाद आपल्या देशातही उमटले. हिंदुस्थानात काम करणारे राष्ट्रीय चर्चसंस्थेचे सर्व मिशनरी फ्री चर्चला जाऊन मिळाले. कलकत्त्यात अलेक्झांडर डफ यांनी स्वतः उभारलेली विद्यालयाची इमारत, तिच्यातील ग्रंथालय आणि शास्त्रीय उपकरणे जुन्या संस्थेच्या स्वाधीन केली आणि दुसऱ्या जागेत नव्याने शाळा मांडली. मुंबईचे डॉ. जॉन विल्सन त्या वर्षी प्रवास करीत मायदेशी गेले होते. तेही आपल्या मुंबईतील सहकाऱ्यांप्रमाणे नव्या संस्थेत गेले. ज्यांचे नाव पुढे चौपाटीवरील महाविद्यालयाला मिळाले, ते हेच विल्सन. आणि १८४५ मध्ये नागपुरास आलेले स्टीफन हिस्लॉप तर फ्री चर्चनेच पाठविलेले. नागपूरच्या ज्या शाळेतून पुढे हिस्लॉप महाविद्यालय उभे राहिले, तिच्यामागे स्कॉटलंडमधील लोकवर्गणी होती, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानी नसते.

त्यागाच्या या कथेला दुसरीही एक बाजू आहे. फ्री चर्चने प्रत्येक गावी आपले मंदिर बांधले, परंतु गावातील जुने मंदिर काही नाहीसे झाले नाही. १८४७ मध्ये पूर्वीच फुटलेल्या आणखी काही गटांची मिळून तिसरी मोठी संस्था झाली. दोन-तीन हजार वस्तीच्या गावात एकाच श्रद्धेची, एकाच प्रकारच्या उपासनेची तीन-तीन मंदिरे एकमेकांकडे पाहत उभी राहिली. स्पर्धाही होतीच. शेजाऱ्याचा मनोरा उंच, तर आपला त्याहून उंच!

पुढे वादाचे कारणच सरले. जमीनदारांचा नेमणुकीचा अधिकार १८७४ मध्ये कायद्याने रद्द झाला. १९०० मध्ये फुटलेल्या दोन मोठ्या शाखा एकत्र आल्या, आणि २ ऑक्टोबर १९२९ रोजी ती संयुक्त शाखा पुन्हा राष्ट्रीय चर्चसंस्थेत विलीन झाली. शहाऐंशी वर्षांनी घर पुन्हा एक झाले. कलकत्त्यातील विद्यालये तर आधीच, १९०८ मध्ये, एकत्र झाली होती. त्या महाविद्यालयाच्या नावातील ‘चर्चेस’ हे अनेकवचन १९२९ मध्ये ‘चर्च’ असे एकवचनी झाले. भांडणाचा शेवट व्याकरणात असा क्वचितच नोंदला जातो.

परंतु भाऊ एकत्र नांदू लागले, तरी त्यांनी वेगळे असताना बांधलेले वाडे एकत्र होत नाहीत. तीन मंदिरे तीनच राहिली. त्यातच १९२५ च्या कायद्याने आणखी एक बदल केला होता. तोवर गावच्या जुन्या मंदिराची डागडुजी करणे हे तेथील जमीनदारांचे कायदेशीर कर्तव्य होते. त्या बंधनातून ते मुक्त झाले आणि छपरापासून पायापर्यंतचा सगळा खर्च चर्चसंस्थेवर, म्हणजे पर्यायाने मंडळीवर आला. स्वातंत्र्य पूर्ण झाले आणि त्याबरोबर बिलेही पूर्णपणे आपली झाली.

माणसे पुष्कळ होती तोवर हे ओझे जाणवले नाही. १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास या चर्चसंस्थेचे तेरा लाखांहून अधिक सभासद होते. स्कॉटलंडची लोकसंख्या तेव्हा पन्नास लाखांच्या आसपास होती, हे लक्षात घेता हा आकडा किती मोठा आहे ते कळेल. त्यानंतर मात्र ओहोटी लागली. माणसे रागावून निघून गेली नाहीत. मुले रविवारच्या शाळेत येईनाशी झाली, इतकेच. जुने सभासद मृत्यूने कमी होत गेले आणि नव्यांची नावे पटावर चढली नाहीत. २०२३ च्या अखेरीस सभासदसंख्या दोन लाख साठ हजारांच्या आत आली. २०२२ च्या जनगणनेत अर्ध्याहून अधिक स्कॉटिश लोकांनी आपला कोणताही धर्म नाही असे नोंदविले, आणि या राष्ट्रीय चर्चसंस्थेचे नाव सांगणारे जेमतेम पाचावा हिस्सा उरले. उपासनेस येणाऱ्यांचे सरासरी वय साठीच्या पलीकडे गेले आहे.

या परिस्थितीत २०२१ च्या महासभेने एक कायदा केला. प्रत्येक विभागीय सभेने आपल्या क्षेत्रात पाळकांची पदे किती ठेवावयाची, कोणती मंदिरे राखावयाची आणि कोणती ठराविक मुदतीत सोडावयाची, याचा आराखडा तयार करावा असे त्यात सांगितले आहे. मंजूर पदे आणि इमारतींच्या दुरुस्तीची अंदाजपत्रके यांच्याशी ज्यांचा संबंध येतो, त्यांना ही भाषा ओळखीची वाटेल. फायलीवर ती अगदी सोपी दिसते. अवघड होते ते ती एखाद्या गावातील मंडळीपुढे वाचून दाखविताना.

अशा एखाद्या गावाची कल्पना करावी. सहाशे माणसांसाठी बांधलेल्या मंदिरात तीस माणसे बसली आहेत. छपराची पाटी सरकली आहे, भिंतीत ओल आली आहे, आणि हिवाळ्यात एवढी मोठी जागा तापविण्याचा खर्च वर्षाच्या वर्गणीतून निघत नाही. पाळक एकच, आणि त्याच्याकडे चार गावे. मंडळीचे वडील म्हणून निवडलेले जे लोक निर्णयास बसले आहेत, त्यांचे वय आहे सत्तर, पंचाहत्तर, ऐंशी. सभासदसंख्या तेरा लाखांवर होती, तेव्हा याच बाकांवर रविवारच्या शाळेत दाटीवाटीने बसलेली मुले ती हीच. त्यांचे बाप्तिस्मे येथे झाले, विवाह येथे झाले, आणि आईवडिलांना अखेरचा निरोप त्यांनी येथूनच दिला. एक म्हणतो, आपण मंडळी आहोत, इमारतीचे राखणदार नव्हे. हे विकू आणि शेजारच्या गावात जाऊ. दुसरा म्हणतो, शेजारचे गाव बारा मैलांवर, रविवारी बस नाही आणि मला आता गाडी चालविता येत नाही. तुम्ही मंडळी हलवीत नाही, तुम्ही मला वगळीत आहात. दोघांचेही म्हणणे खोटे नाही.

चर्चा या ठिकाणी आली म्हणजे १८४३ चे नाव निघणे स्वाभाविक आहे. आपल्या पूर्वजांनी मंदिरे सोडली आणि मंडळी टिकविली, तसेच आपणही करावे, हा युक्तिवाद मनाला धीर देणारा आहे. परंतु इतिहासाचा आधार घेताना त्यातील फरकही पाहिला पाहिजे. १८४३ ची माणसे बाहेर पडली ती एका तत्त्वासाठी, आणि त्यांच्यामागून त्यांची मुलेबाळे चालत होती. आजच्या माणसांना बाहेर काढीत आहे तो खर्चाचा ताळेबंद, आणि त्यांच्या मागे कोणी नाही. पहिल्यांना जागा मिळत नव्हती. दुसऱ्यांना जागाच खावयास उठली आहे. म्हणून वृद्ध मंडळीला त्यागाचे पाठ देणे सोपे असले, तरी ते न्याय्य नव्हे.

मग १८४३ पासून घेण्यासारखे काहीच नाही काय? मला वाटते, आहे. मात्र ते त्या नाट्यमय मिरवणुकीत सापडावयाचे नाही. ते चामर्स यांच्या पेनीच्या हिशेबात आहे. सबळ मंडळीने दुर्बळ मंडळीचा भार वाहावा, ही त्यांची व्यवस्था अद्याप मोडलेली नाही. आजही प्रत्येक मंडळीच्या उत्पन्नाचा एक भाग मध्यवर्ती निधीत जातो, आणि ज्या गावाला पाळक पोसणे शक्य नाही त्या गावालाही तो मिळतो. आराखडा करताना या तत्त्वाचा विसर पडला नाही, तर बस नसलेल्या गावातील म्हाताऱ्याला रविवारी कोणी घेऊन जावयाचे, हा प्रश्नही छपराच्या दुरुस्तीइतकाच महत्त्वाचा ठरेल. इमारत सोडण्याची तारीख ठरविण्याआधी माणसाला नेण्याची सोय ठरली पाहिजे. काही गावांत रहिवाशांनी अशा वास्तू सार्वजनिक उपयोगासाठी स्वतःकडे घेतल्या आहेत. तेथे मालकी बदलली, तरी गावकऱ्यांसाठी दार उघडे राहिले.

शेवटी पुन्हा एकदा जॉर्ज स्ट्रीटवर येऊ. १८४३ मध्ये एडिंबरोतील सेंट जॉर्ज चर्चचे पाळक रॉबर्ट कँडलिश फ्री चर्चमध्ये गेले, आणि त्यांच्या अनुयायांनी ‘फ्री सेंट जॉर्जेस’ ही नवी मंडळी स्थापिली. मागे राहिलेली सेंट जॉर्जची जुनी मंडळी १९६४ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या मंडळीत मिळाली. तिच्या जुन्या मंदिराचा पुढे सरकारी दप्तरखाना झाला. फ्री सेंट जॉर्जेसची वारस मंडळीही २०१० मध्ये तेथेच येऊन मिळाली, आणि तिची इमारत एका बाप्टिस्ट मंडळीने घेतली. आज तिन्ही मंडळ्यांचे वारस एकाच छताखाली उपासना करतात. आणि ते छत आहे सेंट अँड्र्यूजचे. ज्या दारातून १८४३ च्या मे महिन्यात ती मिरवणूक बाहेर पडली, त्याच दारातून त्यांचे वारस पुन्हा आत आले आहेत.

पावणेदोनशे वर्षांपूर्वी त्या दारातून मंडळी बाहेर पडत होती, तेव्हा अनेकांना वाटले असेल की हा शेवट आहे. तो शेवट नव्हता. आज जी वृद्ध माणसे आपल्या गावच्या मंदिराचे दार अखेरचे बंद करतील, त्यांच्याबाबत तसे खात्रीने कोणी सांगू शकणार नाही. परंतु ज्याची फळे आपल्या हयातीत दिसणार नाहीत असा आराखडा ती माणसे थरथरत्या हातांनी का होईना करीत आहेत, आणि त्यावर सही करीत आहेत. आंब्याची कोय लावणाऱ्या म्हाताऱ्याला आपण वेडा म्हणत नाही. या माणसांनाही म्हणू नये.